अक्षरांवरून शब्दाचा माग



आमच्या घरीं एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. गेल्या वर्षीं ती उघडली तेव्हां तिच्यांत माझ्या आजोबांच्या नांवें आलेलें १९४१ सालचें एक इंग्रजी पत्र सांपडलें. आजोबांनीं आजीच्या पाटल्या गहाण ठेवून एका पेढीकडून चारशें रुपये कर्जाऊ घेतले होते, एवढी गोष्ट घरांत सर्वांना ठाऊक होती. तें कर्ज त्यांनीं स्वतः फेडलें कीं नाहीं, याविषयीं मात्र आमच्या घराण्यांत दोन पक्ष होते, आणि तो वाद इतक्या वर्षांत मिटला नव्हता. माझ्या आत्याला आतां नव्वदावें वर्ष चालू आहे. "आबांनीं कुणाचा पैसाही ठेवला नाहीं," हें तिचें म्हणणें. चुलत घराण्याचें म्हणणें असें कीं, आजोबांनीं कांहींच भरलें नाहीं आणि पुढें तें कर्ज व्याजासकट त्यांच्या वडिलांना फेडावें लागलें.

पत्र हातीं येतांच आत्या म्हणाली, "वाच रे, मोठ्यानं वाच." मी वाचूं लागलों आणि नेमक्या जागीं अडलों. 'दि अमाउंट इज' एवढे शब्द स्पष्ट होते. वाक्याच्या शेवटचे 'इन फुल' हेही स्पष्ट होते. मधल्या एकाच शब्दाला कसर लागली होती. त्याचीं पहिलीं दोन अक्षरें आर आणि ई, मग दोन अक्षरांएवढें भोंक, मग आय, मग एका अक्षराएवढें दुसरें भोंक, आणि शेवटीं ई आणि डी. असा तो आठ अक्षरांचा शब्द. तो 'रिसीव्ह्ड' म्हणावा, तर रक्कम पूर्ण पोंचली. 'रिक्वायर्ड' म्हणावा, तर रक्कम पूर्ण हवी आहे! आणि हे दोन्ही शब्द त्या चौकटींत तंतोतंत बसतात. आपण लिहून पहावें.

कांहीं अक्षरें ठाऊक आहेत, पण शब्द ठाऊक नाहीं, अशा वेळीं इंग्रजी शब्द शोधावयाचा कसा, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. कागद आणि पेन्सिल जवळ असेल तर बरें.

प्रथम हें पाहूं कीं, घरांतला इंग्रजी शब्दकोश अशा वेळीं उपयोगीं कां पडत नाहीं. कोशांतले शब्द ए पासून झेडपर्यंत क्रमानें लाविलेले असतात, आणि तो क्रम शब्दाच्या पहिल्या अक्षरापासून मोजला जातो. ज्याला शब्दाचा प्रारंभ ठाऊक आहे त्यालाच कोश दार उघडतो. शाळेंतल्या मुलानें 'नॉलेज' हा शब्द कानांनीं ऐकावा आणि एन खालीं शोधीत बसावें. शब्द मात्र के खालीं बसलेला. 'न्यूमोनिया' पी खालीं, 'रिस्ट' डब्ल्यू खालीं. आपल्या वर्णमालेला उच्चारस्थानांची शिस्त आहे. कंठांतून निघणारे वर्ण एका वर्गांत, ओठांवरचे दुसऱ्या वर्गांत. इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाला असा आधार नाहीं; तो केवळ परंपरेनें चालत आलेला आहे. परंतु क्रम कसाही असो, तो सर्वांना एकच माहीत आहे, एवढेंच शोधणाराला पुरें असतें, आणि याच गोष्टीचा आपण पुढें लाभ घेणार आहों. आमच्या पत्रांतल्या शब्दाचा प्रारंभ हातांत होता हें खरें. पण आर-ई हा 'पुन्हां' या अर्थाचा उपसर्ग असल्यामुळें त्यानें सुरू होणारे इंग्रजी शब्द हजारोंनीं आहेत.

आतां पत्र क्षणभर बाजूस ठेवूं आणि याहून अवघड असा प्रश्न घेऊं. माझी नात मोबाइलवर शब्दांचा एक खेळ खेळते. त्यांत अक्षरें सगळीं दिलेलीं असतात, पण विसकटून. एके दिवशीं तिनें मला आठ अक्षरें दिलीं: ए, ई, जी, आय, एल, एन, आर, टी. "आजोबा, ह्यांचा एक शब्द करा." मीं कागदावर अक्षरें इकडून तिकडे फिरवावयास सुरुवात केली. आठ निरनिराळीं अक्षरें ४०,३२० रीतींनीं मांडतां येतात. एका मांडणीला पांच सेकंद धरले, तर सगळ्या मांडण्या संपावयास ५६ तास लागतील, आणि तेही न जेवतां, न झोंपतां!

यांतून सुटण्याची युक्ति फार साधी आहे. अक्षरें फिरवावयाचीं नाहींत, कोश फिरवावयाचा. तो कसा, तें लहान शब्दावर पाहूं. 'स्टॉप' हा शब्द घ्या: एस, टी, ओ, पी. हीं चार अक्षरें वर्णमालेच्या क्रमानें लावा. ओ-पी-एस-टी असें झालें. याला अर्थ कांहीं नाहीं; पण याला आपण त्या शब्दाचा पत्ता म्हणूं. आतां 'पॉट्स' घ्या: पी, ओ, टी, एस. क्रमानें लावा, पुन्हां ओ-पी-एस-टी. 'स्पॉट' घ्या, 'पोस्ट' घ्या, 'टॉप्स' घ्या, 'ऑप्ट्स' घ्या. उच्चार निराळे, अर्थ निराळे, पण सहांचाही पत्ता एकच. एका वाड्यांत सहा बिऱ्हाडें असावींत, तसे ते राहतात. म्हणून कोणी तरी एकदांच बसून कोशांतल्या प्रत्येक शब्दाचा असा पत्ता काढावा आणि ते पत्ते क्रमानें लावून नवा कोश करावा. मग विसकटलेलीं अक्षरें हातीं आलीं कीं तीं फक्त क्रमानें लावावयाचीं आणि त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठवावयाचें. नातीनें दिलेलीं अक्षरें तर आधींच क्रमानें होतीं. तीं मीं उगाच विसकटलीं! त्या दारावर पांच शब्द बाहेर येतात: ट्रँगल, इंटिग्रल, रिलेटिंग, ऑल्टरिंग आणि अलर्टिंग. संगणकाच्या साह्यानें असा कोश तयार होण्यास आज कांहीं क्षण पुरतात.

येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. अक्षरें क्रमानें लावण्याची हीच रीत सतराव्या शतकांत शब्द शोधण्यासाठीं नव्हे, तर लपविण्यासाठीं वापरीत. इंग्लंडांतला शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याला स्प्रिंगेच्या ताणाविषयींचा नियम सांपडला होता. शोध आपला आहे हें तर नोंदवून ठेवावयाचें, पण तो इतक्यांत कोणास कळूं द्यावयाचा नाहीं, म्हणून त्यानें १६७६ सालीं नुसतीं चौदा अक्षरें छापलीं: सी एक, ई एक, आय तीन, एन एक, ओ एक, एस तीन, टी दोन, आणि शेवटीं यू दोन. १६७८ सालीं त्यानें तीं उलगडून दाखविलीं. तें लॅटिन वाक्य होतें. त्यांत यू आणि व्ही हीं एकाच अक्षराचीं रूपें मानलेलीं. जसा ताण तसें बळ, असा त्याचा अर्थ. त्याच्या आधीं हॉलंडच्या ह्यूजेन्स यानें शनीभोंवतालच्या कड्याचा शोध असाच १६५६ सालीं अक्षरांत पुरून ठेवला आणि १६५९ सालीं उकरून काढला. मग आपली युक्ति जर इतकी सोपी, तर त्या काळच्या विद्वानांना हीं कोडीं कां सुटलीं नाहींत? कारण एकच. शब्दांचा पत्ते लाविलेला कोश करतां येतो. वाक्यांचा करतां येत नाहीं, वाक्यांना अंतच नाहीं.

परंतु नेहमीं सगळीं अक्षरें वापरावयाचीं असतात असें नाहीं. पुष्कळदां प्रश्न असा असतो कीं, हीं अमुक तीन अक्षरें ज्यांत आहेत असे शब्द कोणते. बाकीचीं अक्षरें कांहींही असोत. येथें पत्त्याची युक्ति लंगडी पडते, आणि अंकगणित मदतीस येतें. दोन, तीन, पांच, सात, अकरा अशा ज्या मूळ संख्या आहेत, त्यांतली एकेक संख्या एकेका अक्षराला द्या. ई ला दोन, टी ला तीन, ए ला पांच, एस ला सात. आतां 'टी' म्हणजे चहा, या शब्दांतलीं अक्षरें टी, ई, ए. त्यांच्या संख्यांचा गुणाकार तीस. 'ईट' आणि 'एट', म्हणजे खाणें आणि खाल्लें, यांचाही तीसच. कारण गुणाकारांत क्रमाला किंमत नाहीं. 'सीट' हा शब्द घ्या, बसावयाची जागा: एस, ई, ए, टी. गुणाकार दोनशें दहा. दोनशें दहाला तिसानें निःशेष भाग जातो, म्हणजे टी, ई आणि ए हीं तिन्ही अक्षरें त्याच्या पोटांत आहेत. आणि भागाकार सात येतो, म्हणजे उरलेलें अक्षर एस. 'टीझ', म्हणजे चिडविणें, याचा गुणाकार चारशें वीस. त्याला तिसानें भागलें कीं चौदा उरतात. चौदा म्हणजे दोन गुणिलें सात, म्हणून उरलेलीं अक्षरें ई आणि एस. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच रीतीनें पडतात, हा जो अंकगणिताचा पायाभूत सिद्धांत शाळेंत आपण कंटाळत शिकलों, तो असा शब्दांच्या कामीं येतो. मला स्वतःला ही युक्ति सर्वांत सुंदर वाटते, जरी हातानें करणाराला ती गैरसोयीची आहे. सव्विसाव्या अक्षराला १०१ ही संख्या द्यावी लागते, आणि लांब शब्दांचे गुणाकार पानभर पसरतात.

हातानें शोधणाराला दुसराच नियम अधिक उपयोगी. दिलेल्या अक्षरांपैकीं जें दुर्मिळ असेल तें आधीं धरावें. गर्दींत माणूस शोधतांना तो काळा कीं गोरा हें विचारून कांहीं होत नाहीं. त्याला सहा बोटें आहेत हें कळलें कीं काम झालें. जे, ई आणि टी हीं अक्षरें असलेले शब्द हवे असतील तर ई कडे पाहूंच नये, जे धरावा. कोणतें अक्षर किती वापरांत आहे, याचा हिशेब अमेरिकेंतल्या आल्फ्रेड बट्स या गृहस्थानें मोठ्या चिकाटीनें केला. हा मूळचा वास्तुशिल्पी. १९३० नंतरच्या मंदींत बेकार झालेला. वर्तमानपत्रांतलीं अक्षरें मोजमोजून त्यानें एक खेळ रचला. १९४८ सालीं जेम्स ब्रुनो यानें त्याला 'स्क्रॅबल' हें नांव दिलें. त्यांत शंभर सोंगट्या असतात. दोन कोऱ्या, उरलेल्या ९८ मध्यें ई च्या बारा, तर जे, के, क्यू, एक्स आणि झेड यांची प्रत्येकीं एकच. खेळ म्हणून तो आपणांस आवडो वा न आवडो, त्याची पेटी म्हणजे इंग्रजी भाषेंतल्या अक्षरांची एक लहानशी खानेसुमारी आहे.

कधीं कधीं अक्षरें नुसतीं असून भागत नाहीं. तीं एकमेकांस लागून, त्याच क्रमानें हवीं असतात. एक्स-वाय-जी हीं तीन अक्षरें लागोपाठ कोठें येतात? 'ऑक्सिजन' या शब्दांत. डब्ल्यू-के-डब्ल्यू? 'ऑकवर्ड' मध्यें. एच च्या मागोमाग क्यू? 'अर्थक्वेक', म्हणजे भूकंप. हे शब्द आपण रोज वाचतों, पण विचारल्यावर आठवत नाहींत. कारण आपली स्मृतिही कोशासारखीच शब्दाच्या तोंडाकडून उघडते. यावर उपाय असा कीं, प्रत्येक शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडावे आणि प्रत्येक तुकड्याखालीं त्या शब्दाची नोंद करावी. 'ऑक्सिजन' ची नोंद ओ-एक्स-वाय खालीं, एक्स-वाय-जी खालीं, वाय-जी-ई खालीं आणि जी-ई-एन खालीं. वही चौपट जाड होते खरी. पण मग शब्दाचें शेपूट हातीं लागो वा पोट, तो सांपडतोच.

शेपटाकडून शब्द धरण्याची सोय तर फार जुनी आहे. १७७५ सालीं जॉन वॉकर यानें लंडनमध्यें एक कोश प्रसिद्ध केला. त्यांत शब्द शेवटच्या अक्षरापासून उलट वाचून लाविलेले आहेत, त्यामुळें सारख्या शेवटाचे शब्द शेजारीं येतात. यमकें जुळविणारांना तो वरदानच वाटला असेल. विसाव्या शतकांत मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशकारांनीं तर उलट्या अक्षरांत टंकलेलीं तीन लाखांहून अधिक कार्डें करून ठेविलीं होतीं. प्रत्येक शब्द उलटा टंकावयाचा! संगणक नसतां हें काम ज्यांनीं केलें त्यांच्या डोळ्यांची कल्पना करावी. जी-आर-वाय नें संपणारे नेहमींच्या वापरांतले शब्द दोनच, 'हंग्री' आणि 'अँग्री', भुकेला आणि रागावलेला, हें अशाच संग्रहांवरून चटकन् दिसतें.

आतां पुन्हां आमच्या पत्राकडे येऊं. आमच्याजवळ अक्षरें होतीं, त्यांच्या जागाही ठाऊक होत्या, आणि मधलीं तीन घरें रिकामीं होतीं. हें शब्दकोड्यासारखेंच झालें. १९१३ सालच्या डिसेंबरांत आर्थर विन यानें 'न्यूयॉर्क वर्ल्ड' पत्रांत पहिलें कोडें छापलें, तेव्हांपासून कोट्यवधि लोक अशीं घरें भरीत आले आहेत. संगणकाला हा प्रश्न विचारण्याची रीत १९७३ सालीं बेल प्रयोगशाळेंतल्या केन टॉम्सन यानें 'ग्रेप' नांवाच्या कार्यक्रमांत रूढ केली, ती आजही चालू आहे. जें अक्षर ठाऊक नाहीं त्याच्या जागीं एक टिंब द्यावयाचें. माझ्या भाच्यानें संगणकांतल्या शब्दांच्या यादीला विचारलें: आर, ई, टिंब, टिंब, आय, टिंब, ई, डी. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच उत्तर आलें. पण तें एक नव्हतें, वीसेक शब्दांची रांगच होती. रिसीव्ह्ड, रिक्वायर्ड, रिटेन्ड, रियलाइज्ड, रिमेन्ड, रिपेअर्ड, रिगेन्ड, रिटेल्ड, रिजॉइन्ड, रिकॉइल्ड, रिक्लाइन्ड, रीयुनायटेड, आणि असेच आणखी. रक्कम पोंचली, रक्कम हवी आहे, रक्कम ठेवून घेतली, रक्कम वसूल केली. पेढीच्या पत्रांत यांपैकीं कोणताही शब्द शोभला असता. यंत्रानें आपलें काम केलें होतें. पुढचें आम्हांलाच करावयाचें होतें.

मीं पत्र उजेडांत धरलें आणि भिंग लावलें. आपल्या वेलांट्या, मात्रा आणि उकार जसे अक्षराच्या वर किंवा खालीं जातात, तसे इंग्रजी हस्ताक्षरांतही कांहीं अक्षरांना हात आणि कांहींना पाय असतात. टी आणि एल हीं वर जातात. क्यू, पी, जी आणि जे हीं खालीं लोंबतात. सी, ई, व्ही, एम, एन हीं ओळींत गुमान बसतात. कसरीचीं भोंकें तीळभर होतीं. त्यांनीं अक्षरांचीं अंगें खाल्लीं होतीं, पण वरचा आणि खालचा कागद शाबूत होता. पहिल्या भोंकाच्या खालीं शाईचा टिपूसही नव्हता. म्हणजे क्यू चें शेपूट नाहीं, 'रिक्वायर्ड' गेला. त्याबरोबरच 'रिपेअर्ड', 'रिगेन्ड', 'रिजॉइन्ड' हेही गेले. भोंकाच्या वरही कांहीं नव्हतें. म्हणून टी नाहीं, एल नाहीं. 'रिटेन्ड' आणि 'रिटेल्ड' गेले, 'रियलाइज्ड' आणि 'रिक्लाइन्ड' गेले. दुसऱ्या भोंकावरही उंच रेघ नव्हती, त्यामुळें 'रिकॉइल्ड' आणि 'रीयुनायटेड' गळाले. अखेर उरले 'रिसीव्ह्ड', 'रिमेन्ड' आणि दोन-तीन अपरिचित शब्द. 'इज रिमेन्ड' असें इंग्रजी पेढीचा कारकून लिहिणार नाहीं, आणि ते अपरिचित शब्द चारशें रुपयांच्या पावतींत येण्याचें कारण नाहीं.

"आत्या," मीं म्हटलें, "रक्कम पूर्ण पोंचली, असं लिहिलंय."

ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "तारीख वाच." मीं तारीख वाचली. "पुढं काय आहे?" पुढच्या ओळींत 'बँगल्स' हा शब्द पुरता होता, त्याच्या पुढें, जेथें क्रियापद असावयाचें, तेथें मात्र एकही अक्षर नव्हतें, कागदच नव्हता. तसें मीं तिला सांगितलें.

"पाटल्यांचं राहूं दे," आत्या म्हणाली. "त्या परत आल्या होत्या. माझ्या लग्नांत माझ्याच हातांत होत्या त्या. तूं त्या पत्राची एक नक्कल काढ आणि चुलत घरीं पाठव."